तिसरी फेरी

समाधानचा मेसेज आला तेव्हा आम्रपाली तांदूळ धूत होती. तिसरं पाणी. पहिल्या दोन पाण्यांचा गढूळ पांढरेपणा निघून गेला होता, पातेल्यातले दाणे एकेक दिसायला लागले होते, आणि ओट्यावरचा मोबाइल थरथरत सरकला, मिक्सरला टेकून थांबला. तिने ओल्या बोटानेच तो उघडला. फोटो होता. तळ्याच्या बांधावर निळा पाइप पडलेला, तीन ठिकाणी कापलेला. काप इतके सरळ की करवतीचेच असणार. खाली समाधानने लिहिलं होतं, 'मॅडम, चोर सापडला. शौकतचं कनेक्शन तोडलं.' आणि शेवटी जोडलेल्या हातांची खूण. समाधान म्हणजे कुरणवाडीच्या तलाव समितीचा सचिव, चाकणच्या कंपनीत शिफ्ट करून उरलेल्या वेळात समितीचं रजिस्टर सांभाळणारा, अक्षर सुंदर असलेला माणूस. तिने फोटो मोठा करून पाहिला, मग लहान केला. नळ चालूच होता. पातेलं भरून वाहायला लागलं आणि पाण्याबरोबर चार-दोन दाणे सिंकच्या जाळीवर जाऊन बसले. चोर. हा शब्द तिने दीड वर्षात एकदाही वापरला नव्हता. तरी तो कुरणवाडीत कुणी नेऊन ठेवला हे तिला पक्कं ठाऊक होतं. रविवारी, शाळेच्या वर्गात, दुपारी बाराच्या सुमाराला, तिनेच.

ती पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन करत होती. विषय सांगायला सोपा होता. बघायला आलेल्या मुलांनाही ती तो एका वाक्यात सांगत असे. सामाईक पाणी, कुरण, जंगल लोक मिळून कसं सांभाळतात आणि कुठे भांडतात, ते बघायचं. "म्हणजे भांडणं बघायचा पगार," असं हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा म्हणाला होता, आणि तीही हसली होती. कुरणवाडी चाकणपासून सात किलोमीटरवर. तीन बाजूंनी कंपन्यांच्या पत्र्याच्या भिंती येऊन टेकलेल्या, चौथ्या बाजूला कुठल्याशा दुष्काळात बांधलेला पाझर तलाव, ज्याला सगळे तळंच म्हणत. कांदा पिकवणारे, कामगारांसाठी खोल्या बांधून भाड्याने देणारे, गाड्या धुणारे, आणि खालच्या अंगाला मेथी-कोथिंबिरीचे वाफे करणारे, सगळे त्या एका पाण्याला तोंड लावून बसलेले. तरी ते तळं मेपर्यंत टिकायचं. गावाने नियम केला होता. मार्च लागला की एका मोटारीला दिवसाला दोन तास. जास्त उपसून जो कबूल करेल त्याने दोन दिवस तळ्यातला गाळ काढायचा. कबूल न करणाऱ्याचं कनेक्शन पावसाळ्यापर्यंत बंद. हे नियम आम्रपालीने शिकवलेले नव्हते. तिने ते फक्त लिहून घेतले होते, पण लिहिताना तिच्या मनात कुरणवाडी हळूहळू तिची झाली होती. सेमिनारमध्ये ती 'माझं गाव' म्हणायची. तिचं स्वतःचं गाव मराठवाड्यात होतं आणि तिथे ती दोनदाच गेली होती.

रविवारचा खेळ अभ्यासाचाच भाग होता. समितीतली पाच माणसं, आणि एका पेटीत पन्नास मणी. मणी म्हणजे तळ्यातलं पाणी. प्रत्येकाने आपल्याला किती हवेत ते चिठ्ठीवर लिहायचं, लिहिता न येणाऱ्याने तितक्या रेघा ओढायच्या, आणि चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायची. दर फेरीनंतर उरलेलं पाणी वाढून पुन्हा पन्नास होणार. पण मागण्यांची बेरीज पन्नासच्या वर गेली की तळं आटलं, त्या फेरीत कुणालाच काही नाही, खेळ संपला. मिळालेल्या पाच मण्यांना अर्धा किलो साखर. पहिल्या फेरीत सगळ्यांनी पाच-पाच मागितले. दुसऱ्या फेरीतही तेच, एकाने तर चारच. आम्रपालीला ते बघून बरं वाटलं होतं आणि थोडा कंटाळाही आला होता. दीड वर्ष हीच माणसं तिच्यासमोर चहाच्या कपातून 'व्हय व्हय, आमचं समदं जमतंय' म्हणत आली होती. तिसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या तिने टेबलामागे उघडल्या. पाच, पाच, चार, पाच. आणि मग एक कागद, या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघांनी भरलेला. रेघा सुरुवातीला सरळ होत्या, पुढे तिरक्या होत गेल्या होत्या, जागा संपल्यावर कागदाच्या पाठीवर गेल्या होत्या. तिने मोजल्या. पन्नास. चिठ्ठीवर नंबर होता, चार. चार नंबर कुणाचा, हे फक्त तिच्या वहीत होतं. पद्धतीप्रमाणे तिने एवढंच म्हणायचं होतं की मागणी जास्त झाली, खेळ संपला. ती म्हणाली, "एकाच माणसाने अख्खं तळं मागितलं."

वर्गात हशा झाला. मग तो थांबला. तो थांबला ते तिला आवडलं होतं. हे आता, भाताचा कुकर लावताना, तिला स्वतःशी कबूल करावं लागत होतं. पाचही चेहरे एकमेकांकडे वळले होते आणि त्या क्षणी तिला वाटलं होतं, आता खरं काहीतरी दिसतंय.

चार नंबर म्हणजे कस्तुराआत्या. खालच्या अंगाच्या बौद्धवस्तीतली साठीची बाई, अर्ध्या एकराच्या तुकड्यात मेथी करून चाकणच्या बाजारात जुड्या विकणारी. पूर्वी वस्तीच्या वाफ्यांना पाण्याची पाळी नव्हती. वरच्यांचं भिजून झालं आणि काही उरलं तर उरलं. दोन वर्षांपूर्वी वस्तीला समितीत एक जागा मिळाली, तीही तीन ग्रामसभांच्या भांडणानंतर, आणि त्या जागेवर कस्तुरा बसली. पहिल्या भेटीत तिने आम्रपालीला आडनाव विचारलं, बापाचं गाव विचारलं, मग दोन्ही हातांनी तिचे हात धरून "जय भीम, पोरी" म्हणाली. "मला मावशीबिवशी म्हनू नगंस. आत्या म्हन. बापाकडनं हाय मी तुझी." त्यानंतर आम्रपाली गावात जेवायची ती तिथेच.

तिचे वडील, साहेबराव, बाल्कनीत पेपर वाचत बसले होते. बत्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात काढून निवृत्त झालेले. निगडीचा हा फ्लॅट त्यांनी ओव्हरटाइमवर घेतला, असं ते म्हणत. तिने ताट वाढून दिलं तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं?"

"गावात एका माणसावर खोटा आळ आलाय, बाबा."

"खरा कोण ते तुला माहीत आहे?"

"आहे. पण सांगता येत नाही. कुणाचंही नाव फोडणार नाही, असं लिहून दिलंय मी सगळ्यांना."

साहेबरावांनी भात कालवला. एक घास खाल्ला. "आणि लिहून दिलं नसतं, तर सांगितलं असतंस?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली. एक जुनी गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर आली होती. ती पाच वर्षांची असतानाची. कारखान्यात संप होता, पुढे होणाऱ्या माणसांच्या नावांची यादी कुणीतरी मालकांकडे पोचवली, अकरा जणांची नोकरी गेली, आणि संशय पेडणेकर नावाच्या कोकणातल्या एका फिटरवर आला. दोन वर्षं त्याच्यासोबत कँटीनमध्ये कुणी बसलं नाही. एकदा तो पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला होता, मुलगी पास झाली म्हणून. आईने आतून कडी लावली. आम्रपाली दाराच्या फटीतून बघत होती. तो उंच माणूस बराच वेळ उभा होता, मग त्याने वाकून पुडा उंबऱ्यावर ठेवला, आणि जिन्यावरून त्याची पावलं इतकी हळू उतरली की ती मोजता आली असती. पुडा संध्याकाळपर्यंत तिथेच होता. मुंग्या लागल्या. ती हात पुसत परत बाल्कनीत आली. "बाबा, ती यादी खरी कुणी दिली होती? पेडणेकरांनी नाही ना?"

"नाही."

"मग?"

"आपलाच होता एक," साहेबराव म्हणाले.

"आपलाच म्हणजे? युनियनचा, की…"

त्यांनी पेपरचं पान उलटलं. ते त्यांनी मघाशीच वाचलेलं पान होतं.

गुरुवारी स्पाइन रोडने चिखली, तिथून मोशी, पुढे नाशिक हायवे. अॅक्टिव्हावर तिने हा रस्ता इतक्यांदा केला होता की खड्डे पाठ झाले होते. चिखलीत लेथमशीनच्या शेडमधून तेलाचा जळका वास येत होता. चाकणच्या चौकात कंटेनर एकामागे एक उभे होते आणि त्यांच्या सावल्यांच्या फटींतून ती पुढे सरकत होती. डोक्यात संमतीपत्रातलं वाक्य घोळत होतं, तिनेच मराठीत केलेलं: 'या खेळात आपण काय केलं हे कुणालाही सांगितलं जाणार नाही.' किती स्वच्छ वाक्य. त्याच्या मागे उभं राहिलं की कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. पण चार नंबर जर कोंडाजींचा असता? समितीचे अध्यक्ष, चाळीस खोल्यांचे मालक, बांधावर खुर्ची टाकून बसणारे कोंडाजी. त्यांनी पन्नास मागितले असते आणि पाइप कस्तुराआत्याचा कापला गेला असता, तर ती हेच वाक्य घोकत इतकी सावकाश गाडी चालवत आली असती का? नियम आणि नातं दोन्ही एकाच बाजूला उभे होते, एकमेकांना इतके चिकटून की कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे ते तिला दिसत नव्हतं. मागून हॉर्न वाजला. पुढचा कंटेनर कधीच हलला होता.

शौकतचं दुकान सर्व्हिस रोडला होतं. पुढे मोटार रिवाइंडिंग, मागे गाड्या धुण्याचा रॅम्प, वर पाटीवर बायकोचं नाव, गुलशन. रॅम्प कोरडा होता. रविवारी खेळलेल्या समितीतल्या पाचांपैकी तो एक. त्याचे आजोबा याच गावचे, वडील याच गावचे. गावातल्या निम्म्या मोटारींच्या तारा त्याच्या हाताखालून गेलेल्या. तो स्टुलावर बसून एका उघड्या मोटारीतून काळी पडलेली तार उपसत होता.

"या मॅडम. पाणी घ्या. बाटलीचं आहे, तळ्यातलं नाही, भिऊ नका."

ती बसली. "शौकतभाऊ, तुम्ही काही…" एवढं बोलून ती थांबली. पुढचं अर्धं वाक्यसुद्धा नियमात बसत नव्हतं.

"मी पाच लिहिले होते," शौकत म्हणाला. "तुम्ही बघितलेत ना पाच?"

"हो." तोंडातून गेलं.

"बास. एवढंच ऐकायचं होतं. नाव नका सांगू कुणाचं. नाव सांगितलं की उद्या त्याचा पाइप कापतील, आणि जोडायला मलाच बोलावतील." तो हसला, पण हात थांबले नाहीत. मग त्याने जळक्या तारेचं भेंडोळं तिच्यासमोर धरलं. "ही कुणाची मोटार, सांगा. कोंडाजीबाबांची. सोमवारी जळाली. नवीकोरी मोटार दोन तास चालून जळत नसते, मॅडम."

तिला समजायला एक क्षण लागला. तळ्याची पातळी या महिन्यात खरंच भराभर उतरली होती. "मग तुम्ही सांगत का नाही?"

"गिऱ्हाइकाची मोटार कशाने जळली ते मी गावात सांगत फिरलो तर दुकान चालेल का? तुमचं जसं कागदाचं आहे ना, तसंच माझं." त्याने तार खाली टाकली. "तीन दिवस रॅम्प बंद आहे. तीन पोरं कामावर होती, दोघं मोशीला गेली. मला इथे पाणी पाहिजे, राव. बाकी कोण चोर, कोण साव, ते तुम्ही लिहा."

बाहेर येऊन तिने अंजली मॅडमना फोन लावला. अंजली मॅडम तिच्या मार्गदर्शक, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं. "नाव सोडच, इशारासुद्धा द्यायचा नाही. आपल्यावर विश्वास ठेवून ती माणसं खेळली आहेत," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तू तिथे फक्त बेरीजच सांगितलीस ना, आम्रपाली?"

"हो," ती म्हणाली. शब्द इतका छोटा होता की खोटं बोलल्यासारखं वाटलंही नाही. वाटलं ते फोन ठेवल्यावर.

शुक्रवारी चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात समिती बसली. मधे सतरंजी, कोंडाजी भिंतीला टेकून, समाधान रजिस्टर उघडून, कडेला गोजाबाई आणि कस्तुरा, पायरीवर वीसेक माणसं. शौकत सतरंजीच्या काठावर चपलांजवळ बसला होता. तिथे बस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्रपाली उभी राहिली. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती तिच्याकडे. "खेळातल्या चिठ्ठीवरून खऱ्या तळ्याचा चोर ठरत नाही. तो नुसता खेळ होता. आणि एकाच माणसाने मागितलं, हे मी बोलायलाच नको होतं. चूक माझी आहे."

"बरं," कोंडाजी म्हणाले. "मग शौकत न्हवता म्हना."

नव्हता म्हटलं तर चार उरत होते.

"न्हाई बोलत म्हंजी त्योच," पायरीवरून कुणीतरी म्हणालं.

"माझं सांगा, मॅडम," गोजाबाई एकदम पुढे सरकली. कांदेवाल्यांच्या बाजूने समितीत असलेली, कधी न बोलणारी बाई. "मी पाचच मागितलं व्हतं. सुना इचारत्यात मला, तू तर न्हवंस. माझं तेवढं सांगा."

"माझं पण सांगून टाका," समाधान रजिस्टरवरून मान न उचलता म्हणाला.

तिला वाटलं, हे सगळे हात पुढे करून उभे आहेत आणि तिच्या मुठीत एकच गोष्ट आहे. तिने कस्तुराकडे पाहिलं. कस्तुरा तिच्याकडेच बघत होती, डोळ्याला डोळा भिडवून, ओठ घट्ट मिटलेले. घाबरलीय, आम्रपालीला वाटलं. नाही सांगणार. काय व्हायचं ते होवो. मागे पत्र्याच्या भिंतीपलीकडे कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटल्याचा.

"मीच मागितले," शौकत म्हणाला. तो उभा राहिला नव्हता, बसूनच बोलला. "लिहा, समाधानभाऊ. पन्नास मागितले. कबूल. उद्या-परवा गाळ काढतो, सोमवारी पाइप जोडू द्या. आणि कोंडाजीबाबा, तुमची मोटार पण सोमवारीच देतो. फार वेळ चाललेली दिसतेय."

कोंडाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग समाधानपुढचं रजिस्टर ओढून सगळ्यांच्या आधी सही केली. "झालं. मानूस कबूल झाला, इषय संपला. च्या आना रे." आणि व्हरांड्यातली हवा खरंच सैल झाली. लोक हसले, कुणीतरी शौकतच्या पाठीवर थाप मारली, गोजाबाईने पदराने गळा पुसला. आम्रपालीच्या हातात कप आला. इतकं सुरळीत भांडण मिटलेलं तिने कुठल्याच गावात पाहिलं नव्हतं. तिच्या वहीत यासाठी एक रकाना होता, तंट्याचा निवाडा, आणि त्यापुढे तिला 'यशस्वी' असंच लिहावं लागणार होतं.

शनिवारी सकाळी ती कस्तुराच्या घरी गेली तेव्हा कस्तुरा ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. दहा-बारा काड्या, सुंभाचा वेढा, एक झटका, जुडी बाजूला. आम्रपाली पायरीवर बसली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सांभाळून घेतलं, असं काहीतरी मनाशी होतं, जे बोलायचं नसतं पण समोरच्याला कळलं तर बरं वाटतं.

"शौकतभाऊ गाळात उतरलेत," ती म्हणाली.

"बघितलं म्या." कस्तुराने जुडी जरा जोरात टाकली. "काल तुझ्याकडं बघत व्हते मी. म्हनलं, ही आता बोलंल, मंग बोलंल."

"मी कशी बोलणार, आत्या?"

"मग म्या कशी बोलनार? तूच म्हनली व्हतीस न्हवं, खेळातलं कुनाला सांगायचं न्हाई. अंगठा घेतलास माझा. दिल्या अंगठ्याच्या भाईर जाऊ व्हय मी?"

वर्गाच्या दाराशी उभं राहून घाईघाईने समजावलेलं ते वाक्य आम्रपालीला आठवलं. गोपनीय म्हणजे काय, असं कस्तुराने विचारलं होतं. तिने उत्तर दिलं होतं, म्हणजे कुणाला सांगायचं नाही, आणि पुढच्या माणसाचा कागद काढला होता.

"आत्या, ते माझ्यासाठी होतं. मी सांगायचं नाही, असं. तुम्हाला बंदी नव्हती. तुमचं तुम्ही कुणालाही सांगू शकत होता."

कस्तुराचे हात थांबले. "आस्सं?"

"मला वाटलं तुम्ही घाबरलात. वस्तीची जागा जाईल म्हणून…"

"घाबरू कशापायी? म्या काय चोरी केली?" आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या दारातून एक डोकं बाहेर आलं. "तूच म्हनलीस, किती पायजे ते मागा. साठ वर्सांत हे इचारनारं पयलं मानूस तू. दोन येळंला समद्यांचं बघून पाच रेगा वढल्या. तिसऱ्या येळंला म्हनलं, खेळच हाय, एकदा समदं मागून बघावं, कसं वाटतंय. रेगा वढता वढता हसू येत व्हतं मला. मागून तळं आटतंय व्हय? उपसून आटतंय." ती उठली, पदर कमरेला खोचला. "आन तू मला चोर समजून झाकलंस. पांघरून घातलंस वरनं, तुझीच आत्या म्हनून."

"तसं नाही, आत्या."

"तसंच हाय," कस्तुरा म्हणाली. तिने घमेलं उचललं आणि ती चालायला लागली. जुड्या ओसरीवर तशाच राहिल्या. आम्रपाली तिच्या मागे जात होती आणि तिला लहानपणी रागावलेल्या आईच्या मागे चालताना वाटायचं तसं वाटत होतं, की ही आता कधीच मागे वळून बघणार नाही. तिच्या मनात लख्खपणे आलं की दीड वर्षात तिने या बाईला तिच्या वाफ्यांबद्दल, पाळीबद्दल, वस्तीबद्दल हजार प्रश्न विचारले होते. हे का केलंत, हा एवढा एक विचारला नव्हता. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं धरून चालली होती. गरीब, दबलेली, घाबरलेली. स्वतःच्या घरातलं माणूस असूनसुद्धा. की असल्यामुळेच.

बांधावर कोंडाजी खुर्चीत होते, समाधान रजिस्टर घेऊन उभा. ट्रॉली लावलेली. खाली गुडघाभर गाळात शौकत आणि हौसेने उतरलेले दोघे-तिघे. कस्तुरा बांधाच्या टोकाशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अख्खं तळं म्या मागितलं व्हतं. शौकत न्हाई. लिवा."

खाली फावडी थांबली. कोंडाजींनी तिच्याकडे न बघता तळ्याकडे पाहिलं. "मिटलंय ते, कस्तुरे. ठराव झालाय. सह्या झाल्यात."

"मग ठराव खोडा."

"ठराव खोडत न्हाईत."

"आत्या," समाधान हळूच म्हणाला, "आता तुमचं नाव घातलं तर शौकतभाऊचा पाइप कापला तो चुकीचा ठरतो. मग कुणी कापला तेही लिहावं लागेल." बोलून गेल्यावर तो लाल झाला आणि रजिस्टर चाळायला लागला. एक टिटवी ओरडत तळ्यावरून गेली. कस्तुरा साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन उतारावरून गाळात उतरली.

"चाची, जपून. पाय रुततो इथं," शौकत म्हणाला.

"ते मला नगं शिकवूस. घमेलं भर."

आम्रपालीने तिथेच उभं राहून अंजली मॅडमना फोन लावला. कोंडाजी ऐकत होते, समाधान ऐकत होता. "मॅडम, रविवारी मी नुसती बेरीज नव्हती सांगितली. एकाच माणसाने सगळं मागितलं, असं बोलले. त्याच्यावरून झालंय हे सगळं. आणि परवा तुमच्याशी खोटं बोलले."

अंजली मॅडम म्हणाल्या, "म्हणजे कुरणवाडी पूर्ण काढावी लागेल अभ्यासातून. दीड वर्ष, आम्रपाली. तुला कळतंय ना?"

"हो."

"सोमवारी ये. लेखी दे." फोन बंद झाला. त्यांचा आवाज आजही चढला नव्हता.

"काय म्हनत्यात?" कोंडाजींनी विचारलं.

"तुमचं गाव काढलं अभ्यासातून."

"काढलं? आन आमचं मिटलं की सगळं," कोंडाजी म्हणाले. ते खरोखर बुचकळ्यात पडले होते. मग, जरा थांबून, "म्हंजी आता तुमी यायच्या न्हाईत?"

खालून कस्तुराने भरलेलं घमेलं डोक्यावरून उतरवून बांधाच्या काठाशी वर केलं. "धर की," ती म्हणाली, कुणाला ते न बघता. सगळ्यात जवळ आम्रपाली होती. तिने वाकून घमेलं घेतलं. इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं; काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं आणि कुजक्या पानांचा वास नाकात शिरला. ट्रॉलीजवळ कोंडाजी होते. खुर्चीतून उठले होते.

"ठेव खाली," ते म्हणाले. "घेतो मी."

तिने खाली ठेवलं. त्यांनी ते जमिनीवरून उचललं आणि ट्रॉलीत उलटं केलं. सत्तरीचा माणूस, कंबर धरलेली. हातातून हातात घेताना तोल जाईल म्हणून म्हणाले असतील. किंवा त्यांच्या बापाने, आज्याने खालच्या अंगाच्या माणसांकडून काहीही घेताना जे म्हटलं असेल, ते आपोआप जिभेवर आलं असेल. त्यांना स्वतःलाही ठाऊक नसेल. दीड वर्षापूर्वीच्या आम्रपालीने वही काढली असती. दुसरं घमेलं वर आलं तेव्हा तिने ते घेतलं आणि ती उभी राहिली. खाली ठेवलं नाही. गाळ कुर्त्यावर सांडत होता. खाली शौकत आणि कस्तुरा काम थांबवून वर बघत होते. ट्रॅक्टरवाल्याने उगाच हॉर्न दिला.

"धरा, बाबा," ती म्हणाली.

कोंडाजींनी एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्यांचे हात सावकाश पुढे आले, आणि तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर घमेल्याचा काठ धरून त्यांनी ते तिच्याकडून घेतलं.